कागदावरचे छर्रे आणि तलावातले शिसे

भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. कोहळी समाजातील कुशल शेतकऱ्यांनी उतारावर पाळी घालून पाणी अडवले आणि त्यावर धान पिकवले. मालगुजारी संपल्यावर हे तलाव सरकारकडे गेले आणि 'माजी मालगुजारी' या शब्दांच्या आद्याक्षरांवरून लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणू लागले. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा नवेगावबांधसारखे मोठे तलाव तिकडे गेले. तरीही दोन्ही जिल्ह्यांत गावोगावी तलाव आणि बोड्या आहेतच. हिवाळ्यात त्यांवर तलवार बदक, थापट्या, लालसरी, चक्रवाक असे पाहुणे उतरतात.

या पाहुण्यांमागोमाग एकेकाळी बारा बोअरच्या बंदुकाही तलावावर येत. इंग्रज अंमलदार, मालगुजार आणि त्यांचे पाहुणे यांचा तो हिवाळ्यातला छंद होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर निर्बंध आले आणि १९९१ च्या दुरुस्तीने छंदाच्या शिकारीचे परवानेच बंद झाले. मग आज त्या बंदुकीचा विचार का करायचा? कारण तिच्या इतिहासात मोजमापाचा एक उत्तम धडा आहे. काय मोजले आणि काय मोजायचे राहून गेले, हे दोन्ही तिथे स्वच्छ दिसते.

एक थेंब, एक छर्रा

रायफलीतून एक गोळी सुटते, तर छर्र्याच्या बंदुकीतून एका वेळी शेकडो छर्रे सुटतात. 'बारा बोअर' या नावात जुने गणित आहे. एक पौंड शिशाचे सारख्या वजनाचे बारा गोळे केले, तर त्यांतला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअरची नळी. तिचा आतील व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर भरतो. या बंदुकीची काडतुसे आपल्याकडे पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखान्यात बनत आली. हा कारखाना १८६९ सालचा.

छर्रे गोल कसे करायचे, हा जुना प्रश्न होता. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहराच्या विल्यम वॉट्स याने १७८२ साली त्यावरच्या युक्तीचे पेटंट घेतले. वितळलेल्या शिशात थोडे आर्सेनिक मिसळून ते उंचावरून चाळणीतून खाली सोडायचे. पडता पडता पृष्ठताणामुळे प्रत्येक थेंब गोल होतो, गार होत जातो आणि तळाच्या पाण्यात पडल्यावर पक्का होतो. पावसाचा लहान थेंब गोल का असतो, हे वर्गात शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे. यासाठी पुढे युरोप-अमेरिकेत उंच मनोरे उभे राहिले.

कागदाची परीक्षा

नळीतून बाहेर पडलेले छर्रे पसरत जातात. किती पसरतात, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून बंदूक बनवणाऱ्यांनी एक साधी परीक्षा ठरवली. ४० यार्डांवर, म्हणजे सुमारे ३६.५ मीटरवर, मोठा कागद ताणून लावायचा आणि त्यावर बार काढायचा. मग जिथे छर्रे सर्वांत दाट पडले असतील तिथे ३० इंच (७६ सेंमी) व्यासाचे वर्तुळ काढून आतली भोके मोजायची. काडतुसातील एकूण छर्र्यांपैकी शेकडा किती छर्रे वर्तुळात आले, तो त्या बंदुकीचा आकडा.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील 'द फील्ड' या साप्ताहिकाने बंदुकांच्या जाहीर चाचण्या भरवल्या. त्याच काळात नळीचे तोंड किंचित आवळण्याची कल्पना पुढे आली. याला 'चोक' म्हणतात. इंग्लंडमध्ये डब्ल्यू. आर. पेप यांनी १८६६ साली अशा नळीचे पेटंट घेतले. अमेरिकेत फ्रेड किंबल या शिकाऱ्याचे नाव या शोधाशी जोडले जाते. बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांनी ही पद्धत पक्की केली आणि १८७५ च्या चाचणीत चोकच्या बंदुकांनी आपले श्रेष्ठत्व दाखवून दिले. सरळ नळीतून सुमारे ४० टक्के छर्रे वर्तुळात येत, तर पूर्ण चोकच्या नळीतून ७० टक्के. हा फरक घडवणारे आवळणे असते जेमतेम एक मिलिमीटर!

मात्र एका कागदावर विश्वास ठेवता येत नाही. तीच बंदूक, तेच काडतूस, तेच अंतर असले तरी दर बाराला आकडा बदलतो. एकटा छर्रा कुठे जाईल हे सांगता येत नाही, पण शेकडो छर्र्यांचा समूह कसा पसरेल हे बऱ्यापैकी सांगता येते. मध्यभागी दाट आणि कडेला विरळ, असा तो पसारा असतो. म्हणून जाणकार अनेक कागदांवर बार काढून सरासरी घेत. संख्याशास्त्रातला घंटेच्या आकाराचा वक्र त्यांनी असा हातांनी मोजला.

अमेरिकेत ही परीक्षा आजही नित्याची आहे. तिथल्या रानटर्कीच्या शिकारीत पक्ष्याचे डोके आणि मान एवढेच लक्ष्य असते. म्हणून हंगामापूर्वी शिकारी टर्कीच्या डोक्या-मानेचे चित्र छापलेल्या कागदावर बार काढून छर्रे मोजतात आणि आपली बंदूक किती अंतरापर्यंत भरवशाची आहे ते ठरवतात. पक्षी नुसता जखमी होऊन तडफडत राहू नये, हा त्यामागचा एक हेतू असतो.

कागदाने न सांगितलेले

कागदाला वेळ कळत नाही. सर्व छर्रे एकाच क्षणी येऊन आदळले, असे कागद पाहून वाटते. वास्तविक पुढचे आणि मागचे छर्रे यांत काही मीटरांचे अंतर पडलेले असते. १८८७ साली आर. डब्ल्यू. एस. ग्रिफिथ यांनी फिरत्या चकतीवर बार काढून हे दाखवून दिले. चकती फिरत असल्याने उशिरा आलेले छर्रे बाजूला सरकलेले दिसले. लक्ष्य बदलताच नवी माहिती हाती आली.

दुसरी गोष्ट लक्षात यायला मात्र फार वेळ लागला. एक हिशेब करून पाहू. ६ नंबरच्या इंग्रजी छर्र्यांचे ३० ग्रॅमचे काडतूस घेतले, तर त्यात सुमारे २८५ छर्रे असतात. पूर्ण चोकच्या नळीतून त्यांतले २०० वर्तुळात येतील. वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ४,५६० चौरस सेंमी, म्हणजे साधारण २३ चौरस सेंमीला एक छर्रा. बदकाच्या अंगाचा २०० चौरस सेंमी भाग समोर आला असे धरू. त्याला लागतील आठ-नऊ छर्रे. नेम अचूक, बंदूक उत्तम, बदक पडले, तरी २७५ हून अधिक छर्रे बदकाला न लागता पुढे गेले! ३० ग्रॅमपैकी सुमारे २९ ग्रॅम शिसे पाण्यात पडले. नेम चुकला तर तीसच्या तीस ग्रॅम.

हे शिसे लवकर विरघळून जात नाही, चिखलात पडून राहते. बदकाला दात नसतात. दाणे भरडण्यासाठी ते बारीक खडे गिळते आणि ते खडे त्याच्या पेषणीत साठतात. उथळ पाण्यात शेपटी वर करून तळ चाळणाऱ्या बदकाला अडीच मिलिमीटरचा छर्रा खड्यासारखा किंवा दाण्यासारखाच वाटतो. पेषणीत तो खड्यांवर घासला जातो, आम्लात झिजतो आणि शिसे रक्तात जाते. पक्षी अशक्त होतो, पंख लुळे पडतात आणि पुष्कळदा तो मरतो. म्हणजे जो बार कोणत्याही पक्ष्याला लागला नव्हता, तोही काही वर्षांनी पक्षी मारू शकतो.

अमेरिकेत जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८९४ साली या विषबाधेकडे लक्ष वेधले होते. १९५९ साली फ्रँक बेलरोज यांनी अनेक वर्षांच्या अभ्यासानंतर अंदाज मांडला की तेथील पाणपक्ष्यांपैकी दरवर्षी २ ते ३ टक्के या विषाने दगावत असावेत. अशी बदके खाऊन गरुडही मरू लागले. अखेर १९९१ साली अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्र्यांवर देशभर बंदी आली. डेन्मार्कने १९९६ साली शिशाचे छर्रे पूर्ण बंद केले. युरोपीय संघात पाणथळ जागी ते वापरण्यास २०२३ पासून मनाई आहे. पहिल्या सूचनेपासून अमेरिकेतील बंदीपर्यंत जवळजवळ शंभर वर्षे गेली.

शिशाऐवजी पोलादी छर्रे आले तेव्हा शिकाऱ्यांना पुन्हा कागदाकडे वळावे लागले. शिशाची घनता ११.३, तर पोलादाची ७.८. त्यामुळे पोलादी छर्र्याचा वेग लवकर मंदावतो आणि तो आकाराने मोठा घ्यावा लागतो. उलट तो नळीत चेपत नसल्याने कमी विखुरतो. टर्कीसाठी तर टंगस्टनचे, शिशाहूनही जड छर्रे निघाले. जुने अंदाज निरुपयोगी ठरले आणि भोके नव्याने मोजावी लागली.

भारतात शिकार थांबली, त्यामुळे आपल्या तलावांत कायदेशीरपणे नवे छर्रे पडत नाहीत. परंतु हिवाळी बदके मध्य आशिया आणि सायबेरियातून येतात. वाटेतल्या ज्या पाणथळ जागी शिशाचे छर्रे अजून चालतात, तिथला चिखलही ती चाळून येतात. म्हणून शिशाचा प्रश्न एका देशाच्या कायद्याने पुरता सुटत नाही.

वर्गात करून पाहा

या प्रयोगाला बंदूक लागत नाही. मुगाचे ३०० दाणे मोजून घ्या. जमिनीवर पोते अंथरा, म्हणजे दाणे उडणार नाहीत. त्यावर खडूने एक वर्तुळ काढा आणि वर्तुळात कुठेही तळहाताएवढा पुठ्ठा ठेवा. स्टुलावर उभे राहून कागदाच्या नरसाळ्यातून दाणे एकदम सोडा. वर्तुळातले, पुठ्ठ्यावरचे आणि वर्तुळाबाहेरचे दाणे वेगवेगळे मोजा. असे दहा वेळा करून सरासरी काढा. मग नरसाळ्याचे तोंड लहान करून पुन्हा दहा वेळा करा. वर्तुळातला आकडा किती बदलतो आणि पुठ्ठ्यावरचा किती हेलकावे खातो, ते फळ्यावर लिहा.

शेवटी मुलांना तीनशेच्या तीनशे दाणे वेचून परत मोजून द्यायला सांगा. काही दाणे बाकांखाली जातील, काही सापडणारच नाहीत. ते न सापडलेले दाणे हातात आलेल्या आकड्यांशेजारी फळ्यावर मांडा आणि मुलांना विचारा : तलावातून हे कोण वेचणार?