हत्तीच्या ओरडण्याचे लॅटिन क्रियापद

इ. स. पू. २८० मध्ये एपिरसचा राजा पिऱ्हस दक्षिण इटलीत लढायला आला, तेव्हा रोमन सैन्याने प्रथमच हत्ती पाहिले. लुकानिया प्रांतात दिसलेल्या या प्राण्याला त्यांनी ‘लुकानियाचा बैल’ असे नाव दिले. पुढे ग्रीकांकडून ‘एलेफांतुस’ हा शब्द आला. हत्तीच्या ओरडण्याला मात्र लॅटिनमध्ये वेगळेच क्रियापद आहे: ‘बर्रीरे’. ते आले कोठून?

सातव्या शतकात सेव्हिलचा बिशप इसिदोर सांगतो की, भारतीय लोक हत्तीला त्याच्या आवाजावरून ‘बर्रो’ म्हणतात आणि त्यावरून त्याच्या ओरडण्याला ‘बर्रीतुस’ हे नाव पडले. इकडे अमरकोशात हत्तीच्या गर्जनेला ‘बृंहित’ म्हटले आहे. दोन्ही शेजारी ठेवले की शब्द आपल्याकडून गेला, असे म्हणण्याचा मोह होतो.

व्याकरणाची साक्ष वेगळी आहे. लॅटिन क्रियापदांचे चार गण आहेत. मेंढीचे ‘बालारे’ आणि कुत्र्याचे ‘लात्रारे’ पहिल्या गणात. पण चौथ्या, ‘-ईरे’ प्रत्ययाच्या गणात अशा क्रियापदांचा मोठा गोतावळा आहे. गाय हंबरते ‘मूगीरे’, घोडा खिंकाळतो ‘हिन्नीरे’, डुक्कर गुरगुरते ‘ग्रुन्नीरे’. यांची भाववाचक नामेही एकाच साच्यातली: मूगीतुस, हिन्नीतुस, बर्रीतुस. ‘र्र’ हे द्वित्तही घरचेच. बडबडण्याला ‘गर्रीरे’ आणि कुत्र्याच्या गुरगुरण्याला ‘हिर्रीरे’ आहेच. फेस्तुसच्या कोशाचा पाउलुस दियाकोनुसने केलेला संक्षेप तर ‘बर्रीरे’ची व्युत्पत्ती सरळ आवाजावरूनच लावतो.

उलट, संस्कृत ‘बृंह्’ धातूचा एक ठळक अर्थ वाढणे, पुष्ट होणे असा आहे. हत्तीच्या संस्कृत नावांपैकी ‘बर्रो’च्या जवळ फार तर ‘वारण’ येतो. होरेसने वापरलेले ‘बर्रुस’ हे हत्तीवाचक नाम बाहेरून आले असे मानले, तरी क्रियापद लॅटिनच्याच साच्यातले ठरते.

‘बर्रीतुस’ पुढे माणसाच्या तोंडी गेला. चौथ्या शतकातला इतिहासकार आम्मिआनुस सैनिकांच्या रणघोषाला हाच शब्द वापरतो: हलक्या गुणगुणीतून चढत जाणारा आवाज. मराठीत गाईचा हंबरडा असाच माणसाच्या आक्रोशाला लागला. या दोन शब्दांत उसनवारी शोधण्याचे कोणाच्या मनातही येणार नाही. मग ‘बर्रीतुस’ आणि ‘बृंहित’ यांच्या बाबतीतच, केवळ त्यांचा ध्वनी जुळतो म्हणून, आपण इतकी घाई का करावी? दोघांनीही ऐकला तो हत्तीच होता.