सांगली-साताऱ्याची श्रुतिगणना

डेप्युटी कलेक्टरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि साताऱ्यास जिल्हा न्यायाधीश असलेले क्लेमेंट्स, या दोघा अंमलदारांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी बावीस श्रुतींची जी मोजणी आरंभिली, तिच्याइतकी चमत्कारिक जमाबंदी आमच्या संगीताने दुसरी पाहिली नसेल. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्यातील स्वरांशी आपल्या प्रमाणांची रुजवात घालून देवलांनी 1910 साली आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला.

वस्तुतः त्यांच्या पक्षाचा सबळ साक्षीदार शेजारच्या मिरजेतच घडत होता, तो म्हणजे तंबोरा. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा किंचित सरकवून जवारी नेमकी बसविली, की खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गांधार आपोआप उमटतो. हा स्वयंभू गांधार म्हणजे तारेच्या पाचव्या अंशाचा नाद. षड्ज 240 आंदोलनांचा धरल्यास मूळ सप्तकात तो 300 येतो. पंचमामागून पंचम घेत गेल्यास मिळणारा गांधार 303.75, आणि बाजारच्या पेटीतला सुमारे 302.4, म्हणजे दोहोंपैकी कोणाचाच नव्हे! यास्तव क्लेमेंट्स यांनी लंडनहून श्रुतींची पेटी बनवून आणविली आणि 1913 च्या आपल्या ग्रंथात युरोपीय पंचरेषा लिपीला श्रुतिदर्शक जादा चिन्हे जोडली.

1916 च्या बडोद्याच्या परिषदेत श्रुतींना असे नेमके आकडे देण्याच्या ह्या मताला कडवा विरोध झाला. पंडित भातखंडे यांना ते मान्य नव्हते; त्यांच्या लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, एवढ्यावर काम भागते, आणि रूढ झाली तीच. दरबारीचा आंदोलित गांधार एका बिंदूवर ठरतच नाही, तेव्हा त्याला एकच आकडा चिकटविणे व्यर्थ, हा आक्षेप मला रास्त वाटतो; परंतु तंबोऱ्यातील स्थिर गांधाराला तो लागू पडत नाही.

आता संगणकावर स्वरलिपी मांडणाऱ्यास पाव स्वराचे चिन्ह आयते मिळते. ते 303.75 च्या गांधाराला लावून स्वर उतरविल्यास हाती येतो सुमारे 295, स्वयंभू गांधाराच्याही पुष्कळ खाली. श्रुती लिहावयाच्या असतील तर हे चिन्ह निरुपयोगी आहे. त्यापेक्षा क्लेमेंट्स यांची विस्मृत चिन्हे पुन्हा दप्तरी दाखल करावीत.