पात्याचा आकार आणि लोकश्रद्धा : बिचवा, वाघनख व फिरंग

शस्त्रांचा इतिहास बहुधा लढायांच्या अनुषंगाने लिहिला जातो. पात्याच्या आकारास लोकांनी कोणता अर्थ दिला, हा प्रश्न त्यामुळे मागे राहतो. प्रस्तुत लेखात मराठी परंपरेतील तीन शस्त्रांच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

तुलनेसाठी जावा बेटावरील केरिस ही कट्यार उपयुक्त ठरते. तिच्या पात्याच्या वळणांना ‘लुक’ म्हणतात व त्यांची संख्या विषम असते. नागमोडी पाते हा सरपटणारा नाग, तर सरळ पाते हा स्थिर झालेला नाग, अशी समजूत आहे. धातूचे थर एकत्र घडवून उमटविलेल्या नक्षीस ‘पामोर’ म्हणतात. तिच्यावरून मालकाचे भाग्य सांगितले जाते. हा सारा अर्थ घडविणाऱ्या लोहाराच्या, म्हणजे ‘एम्पू’च्या, हातून पात्यात उतरतो. ‘पारारातोन’ या ग्रंथातील कथेत केन आरोक हा एम्पू गांद्रिंगला त्यानेच घडविलेल्या केरिसने ठार करतो आणि गांद्रिंगचा शाप पुढे राजवंशास भोवतो.

मराठी परंपरेत असा लोहार जवळजवळ अनुपस्थित आहे. येथे अर्थ येतो तो नावातून आणि दैवतातून. बिचव्याचे पाते दुहेरी वळणाचे. नाव विंचवाच्या नांगीवरून आलेले. वाघनखाचे नाव तर स्वयंस्पष्टच आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली झालेल्या अफझलखान भेटीच्या वर्णनात सभासद बखर ही दोन्ही शस्त्रे आणते. कवींद्र परमानंदाच्या संस्कृत ‘शिवभारता’त मात्र भर तलवारीवर आहे आणि त्या तलवारीत स्वतः भवानी प्रविष्ट झाल्याचे कवी सांगतो. यांपैकी खरे कोणते, एवढ्यावरच चर्चा थांबते, हे योग्य नव्हे. बखरकाराच्या कल्पनेत अरण्यातील प्राणी आहेत, कवीच्या कल्पनेत देवी आहे. एकाच प्रसंगाकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी आहेत.

वाघाविषयीची ही श्रद्धा दरबारी नाही. खरे वाघनख चांदी-सोन्यात मढवून लहान मुलांच्या गळ्यात घालण्याची चाल महाराष्ट्रात होती. वाणगावच्या परिसरात, डहाणू व पालघर तालुक्यांत, वारली समाज वाघदेवाची पूजा करतो. लाकडी फळीवर वाघासोबत चंद्र-सूर्य कोरलेले असतात. ज्याचे भय वाटते त्यालाच रक्षक करण्याची ही रीत लक्षात घेतली, की पोलादी वाघनखाचे नाव कोणत्या भूमीतून उगवले, हे कळते.

फिरंगेचे प्रकरण याहून वेगळे. सरळ, लांब युरोपीय पात्यास दख्खनी मूठ बसविली की फिरंग तयार होई. नावातच परकेपण आहे. अशी पाती मुख्यतः पोर्तुगीज व्यापारातून येत. वाणगावच्या पश्चिमेस असलेला तारापूरचा किल्लाही १७३९ पर्यंत पोर्तुगिजांकडेच होता. कोल्हापूरच्या छत्रपतींकडून १८७५-७६ च्या भारतभेटीत प्रिन्स ऑफ वेल्सकडे गेलेल्या, ‘जगदंबा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तलवारीच्या युरोपीय पात्यावर ‘आय. एच. एस.’ ही येशूच्या नावाची अक्षरे आहेत. तिला जगदंबा म्हणणाऱ्यांना त्यांची अडचण वाटली नाही. जावातील पाते अर्थासह जन्मते. हे पाते मुठीवर हात पडल्यावर आणि पूजा झाल्यावर अर्थ धारण करते.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनख जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी आले, तेव्हा जुना वाद पुन्हा उफाळला. ते साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडे होते, एवढे ज्ञात आहे. ते अफझलखान भेटीतलेच होते, हे सिद्ध करता येत नाही, असे त्या संग्रहालयानेच म्हटले आहे. वस्तूचा पुरावा आणि श्रद्धेचा पुरावा यांची येथे गल्लत होते. पहिला अपुरा असला तरी दुसरा नाहीसा होत नाही; पण तो १६५९ चा पुरावाही ठरत नाही. तो ज्या काळात ती श्रद्धा सांगितली गेली, त्या काळाचा पुरावा असतो.

खंडेनवमीस, आश्विन शुद्ध नवमीला, शस्त्रांची पूजा होते. दसऱ्याच्या सोहळ्यात जेजुरीच्या खंडोबापुढे सुमारे ४२ किलो वजनाचा खांडा एका हाताने तोलून धरण्याची चढाओढ चालते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत त्याच सुमारास यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या जातात. त्या यंत्रांपैकी काही परदेशी बनावटीची असतात.