मंडईतून आलेला मावळा

आमच्या घरातल्या काचेच्या कपाटात अम्मीची सुरमेदानी आहे, अब्बांची तसबीह आहे आणि त्यांच्या शेजारी मातीचा एक मावळा उभा आहे. चार बोटं उंच. भाला केव्हाच मोडला, पागोट्याचा रंग उडाला. पाहुणे विचारतात, हा इथे कसा? उत्तर सोपं आहे. दिवाळीची सुट्टी उर्दू शाळेलाही असते.

आम्ही बागवान. अब्बा पुण्याच्या मंडईत फळं विकायचे. दिवाळी जवळ आली की मंडईच्या आसपास पणत्या, बोळकी आणि किल्ल्यावरची चित्रं विकायला येत. मावळे, तोफा, वाघ, सिंहासनावर बसलेले महाराज. धंदा आटोपून घरी येताना अब्बा एखादं चित्र आणून हातावर ठेवायचे. किल्ला मात्र वाड्यातल्या सगळ्या पोरांचा मिळून असायचा. दगड-विटा रचायच्या, वर पोतं टाकायचं, चिखल लिंपायचा, हळीव पेरायचे. शेजारच्या काकू फराळाचं ताट त्या किल्ल्यापाशीच आणून ठेवत.

ज्या मंडईतून तो मावळा आला, तिचाही इतिहास सांगण्यासारखा आहे. ही इमारत 1886 साली उभी राहिली, तेव्हा मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणत. जोतीराव फुले पुण्याच्या नगरपालिकेत सभासद असताना त्यांनी मंडईवरच्या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा लोकांच्या शिक्षणाला लागावा, असं त्यांचं म्हणणं. पुढे याच इमारतीला महात्मा फुले मंडई हे नाव मिळालं. याच जोतीरावांनी 1869 मध्ये शिवाजी महाराजांवर पवाडा लिहिला आणि पैगंबरांवरही काव्य रचलं. त्यांना एकासाठी दुसऱ्याला दूर सारावं लागलं नाही.

आज मी शाळेत शिकवतो. शिवकाळाचा धडा आला की एखादा मुलगा हळूच विचारतो, "सर, किल्ल्यावर आपलं कोणी होतं का?" हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. मी त्याला 1660 सालचा पन्हाळा सांगतो. वेढा घालून बसला होता सिद्दी जौहर, आणि तो वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर निघालेल्यांत होता सिद्दी हिलाल. त्या लढाईत हिलालचा मुलगा वाहवाह जखमी झाला. मग 1679 ची खांदेरी सांगतो. मुंबईच्या तोंडाशी असलेल्या त्या बेटावर मायनाक भंडारी तटबंदी उभारत होते, इंग्रज त्यांना अडवत होते. महाराजांचं आरमार घेऊन इंग्रजांवर चालून गेला तो दौलतखान. जंजिऱ्याचा सिद्दी मात्र इंग्रजांच्या बाजूने उतरला. आणि पुरंदरला महाराजांसमोर औरंगजेबाची फौज घेऊन आले होते मिर्झाराजे जयसिंग.

हे ऐकल्यावर वर्गात थोडा वेळ शांतता असते. मुलं हिशेब मांडत असतात आणि तो धर्मावर जुळत नाही.

मोबाइलवर महाराजांच्या मुस्लिम सरदारांच्या लांबलचक याद्या फिरतात, सैन्यातले टक्केही दिलेले असतात. ते आकडे मी वर्गात सांगत नाही. हिलाल आणि दौलतखान यांना कागदपत्रांचा आधार आहे. त्यांच्या शेजारी ऐकीव नाव ठेवलं, तर उद्या कुणी ते खोडून काढेल आणि त्याबरोबर खऱ्या नावांवरचाही विश्वास जाईल. आपली जागा सिद्ध करायला फुगवलेला इतिहास लागत नाही. उलट, त्याने ती डळमळते.

2025 साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं. त्यात खांदेरी आहे. दिवाळीच्या किल्ल्यासमोर पोरं परातीत पाणी भरून समुद्र करतात, त्यात कागदी होडी सोडतात. त्या होडीवर दौलतखान होता, एवढं त्यांना सांगायला हवं. शेजारच्या वाड्यातल्या पोरांनाही आणि आपल्या घरातल्यांनाही. पहिल्यांना आपण परके वाटणार नाही, आणि दुसऱ्यांना आपण पाहुणे आहोत असं वाटणार नाही.