कुलूप, किल्ली आणि पाटणची ट्रंक

आमच्या पाटणच्या घरात एक पत्र्याची ट्रंक आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा माजघराची भिंत तिच्यावर कोसळली. ट्रंकेला पोचे आले, आतले कागद वाचले. तिचं कुलूप केव्हाच गंजून गेलंय, तरी कागद आमच्यासाठी बंदच आहेत. कारण ते मोडीत आहेत.

खरं तर मोडी ही काही गुप्तलिपी नव्हे. भरभर लिहिता यावं म्हणून ती वापरात होती. आधी आडवी रेघ ओढायची आणि शक्यतो हात न उचलता खाली अक्षरं काढत जायची. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कारभारात ती चालली. आजोबांना यायची. आम्ही कुणी शिकलो नाही, आणि किल्ली आजोबांबरोबर गेली.

मागच्या दिवाळीत मी ते सगळे कागद स्कॅन केले. सोबत सातबारे, बँकेची पुस्तकं, सगळ्यांची आधार कार्डंही. हे सारं घेऊन माझा लॅपटॉप पाटण-पुणे एसटीने फिरणार. कुठे राहिला तर? म्हणून ठरवलं की लिनक्स नव्याने टाकायचं आणि अख्खी डिस्क कुलपात ठेवायची. ते करता करता या कुलपाचा इतिहासही वाचून काढला.

पूर्वी डिस्कचे तुकडे म्हणजे भिंत घालून केलेली वाटणी. एका खोलीत पाय ठेवायला जागा नाही आणि शेजारची रिकामी, तरी भिंत काही हलायची नाही. १९९८ मध्ये हाइन्झ मौएल्सहागेन यांनी लिनक्ससाठी एलव्हीएम लिहिलं. त्यात सगळी जागा आधी सामायिक करतात आणि मग तिच्यातून हवे तसे वाटे काढतात. पुढे बांध सरकवताही येतो, आणि तोही भावकीत भांडण न होता! वाटा वाढवणं सोपं असतं. कमी करताना मात्र आतली फाइलसिस्टीम आधी आकसून घ्यावी लागते. घाई केली तर पीक बांधाखाली जातं.

कुलपाची गोष्ट थोडी नंतरची. १९७७ च्या डीईएस या अमेरिकी मानकाची किल्ली ५६ बिटांची होती. १९९८ मध्ये मुद्दाम बांधलेल्या एका यंत्राने ती तीन दिवसांच्या आत शोधून काढली. मग जोन डेमन आणि व्हिन्सेंट रायमेन या बेल्जियन जोडीची पद्धत २००१ मध्ये एईएस नावाने मानक झाली. २००४ च्या मार्चमध्ये लिनक्सच्या २.६.४ आवृत्तीत डीएम-क्रिप्ट आलं. पण किल्ल्या सांभाळायची रीत ज्याची त्याची वेगळी होती. क्लेमेन्स फ्रुहविर्थ यांनी २००४-०५ च्या सुमारास 'लक्स' आणून ती एकसारखी केली. २००७ च्या डेबियन ४.० मध्ये तर हे सगळं इन्स्टॉल करतानाच निवडता येऊ लागलं.

मी डिस्कवर आधी लक्स घातलं आणि त्याच्या आत एलव्हीएम. म्हणजे एकाच पासवर्डने मूळ प्रणाली, घर आणि स्वॅप तिन्ही उघडतात. स्वॅप बाहेर ठेवणं म्हणजे तिजोरी लावून चिठ्ठ्या ओट्यावर विसरणं, कारण मेमरीतला मजकूर तिथे उतरतो. बूटचा छोटा भाग तेवढा उघडा राहिला.

काम झाल्यावर कौतुकाने काकूला दाखवलं. म्हटलं, पासवर्ड विसरला तर जगात कुणीही हे उघडू शकत नाही.

काकू म्हणाली, "आणि तूच नसलास तर? म्हंजे पुन्हा मोडीच की रे!"

मला उत्तर सुचेना. तीन पिढ्यांचे कागद मी हौसेने दुसऱ्यांदा बंद केले होते.

उत्तर लक्सच्या रचनेतच होतं. डिस्क आपल्या पासवर्डने बंद होतच नाही. ती बंद होते एका यादृच्छिक मुख्य किल्लीने, आणि ती मुख्य किल्ली आपल्या पासवर्डने झाकून डिस्कच्या सुरुवातीच्या भागात ठेवलेली असते. तिथे अशा झाकणांना अनेक खण असतात. जुन्या लक्समध्ये आठ, नव्यात बत्तीसपर्यंत. म्हणजे एका घराला अनेक किल्ल्या, आणि एक बदलली तरी डिस्क पुन्हा कुलपात घालावी लागत नाही. पण तो सुरुवातीचा भागच बिघडला तर सगळ्या किल्ल्या फुकट, म्हणून त्याची प्रत वेगळी काढून ठेवायची.

मग दुसऱ्या खणात काकूचा पासवर्ड घातला. तिनेच निवडला, मला सांगितला नाही. माझा कागदावर लिहून, पाकिटात घालून, त्या प्रतीच्या पेनड्राइव्हसोबत ठेवला. कुठे? अर्थातच ट्रंकेत.

पासवर्ड बाळबोधीत लिहिलाय. आणि हो, मोडीच्या वर्गाला नावही घातलंय.