फारहाने पानं टाकली तेव्हा: २००३ चा एक डाव

आजचा भाग पत्त्यांवर आहे, आणि तोही फक्त एका डावावर.

साल २००३, मे महिना. अमेरिकेतलं लास व्हेगास, बिनियन्स हॉर्सशू नावाचा कसिनो. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा चालू आहे. प्रत्येकी १०,००० डॉलर भरून ८३९ जण बसले होते, आता दोघंच उरलेत. एक सॅमी फारहा. जन्म बैरूतचा, मुरलेला व्यावसायिक खेळाडू, ओठांत न पेटवलेली सिगारेट. दुसरा ख्रिस मनीमेकर. हो, आडनाव खरंच तेच आहे! टेनेसीचा २७ वर्षांचा अकाउंटंट. शंभर डॉलरच्याही आतली फी भरून एका ऑनलाइन स्पर्धेत शिरला आणि तिथून इथवर पोचला.

ज्यांना पोकर माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. प्रत्येकाकडे दोन झाकलेली पानं असतात. मध्ये पाच पानं उघडतात, आधी तीन, मग एक, मग शेवटचं एक. सातांतली उत्तम पाच धरायची. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावता येतात. तीन पत्तीत आपण 'पॅक' म्हणतो, त्याला इथे 'फोल्ड'. पैसे न लावता पाळी पुढे ढकलली की 'चेक'.

अजून एक शब्द लागेल, 'डीप स्टॅक'. डावाच्या सुरुवातीला जी सक्तीची रक्कम टाकावी लागते, तिच्या मानाने समोर चिप्सचा ढीग मोठा असणं. इथे ती रक्कम ४०,००० होती आणि टेबलावर एकूण ८३ लाख ९० हजारांच्या चिप्स. म्हणजे प्रत्येकाकडे साधारण शंभर पट. ढीग छोटा असला की सगळं पहिल्याच फेरीत आत जातं, डोक्याला फार ताप नाही. ढीग मोठा असला की पैज प्रत्येक फेरीत फुगत जाते, आणि सगळ्यात महाग प्रश्न सगळ्यात शेवटी येतो.

आता डाव बघू. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती. फारहाकडे इस्पिकची राणी आणि बदामची नव्वी. सुरुवातीला दोघांचे एकेक लाख आत गेले. मध्ये उघडली इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की. फारहाची नव्व्यांची जोडी झाली. पण दोघंही चेक.

चौथं पान इस्पिकची अठ्ठी. फारहाने तीन लाख लावले. मनीमेकरने ते आठ लाखांवर नेले. हातात तर साधी जोडीसुद्धा नाही! मग हा वेडेपणा होता का? मोजून बघा. दोघांची चार आणि मधली चार पानं सोडली तर ४४ उरतात. उरलेल्या आठपैकी कुठलंही इस्पिक आलं तर मनीमेकरचा फ्लश, म्हणजे एकाच रंगाची पाच पानं. इस्पिक सोडून पंजी किंवा दश्शी आली तर सलग पाच, ती सहा पानं. राजे तीन. एकूण सतरा. ४४ मध्ये १७, म्हणजे शंभरात जवळपास ३९ वेळा तो जिंकणार होता. शिवाय फारहा घाबरून फोल्ड करेल, ही शक्यता वेगळीच. फारहाने मात्र आठ लाख भरले.

शेवटचं पान आलं, बदामची तिर्री. दोघांच्याही कामाची नाही. फारहा चेक. आणि मनीमेकरने सगळा ढीग पुढे सरकवला. ऑल-इन!

आता फारहाच्या खुर्चीत बसा. मध्ये साधारण १८ लाख पडलेत. बघायचं असेल तर तुमचे उरलेले सगळे, अंदाजे २९ लाख भरायचे. हिशेब सांगतो की समोरचा शंभरातून किमान ३८ वेळा थापा मारत असेल, तरच हे परवडतं. तुमच्याकडे जोडी आहे, पण मध्ये तीन इस्पिक आणि ६-८-९ पडलेत. उलट, इस्पिकची राणी तुमच्याच हातात आहे, म्हणजे समोरच्याकडे फ्लश असण्याची शक्यता थोडी कमी. दोन्ही बाजूंनी बोलता येतं. फारहा बोललाही. तुझा फ्लश हुकला ना, असं त्याने तोंडावर विचारलं. अंदाज अगदी बरोबर होता! समोरचा गप्प, नजर खाली. फारहाने पानं टाकली.

थोड्या वेळाने दुसऱ्या एका डावात मनीमेकर जिंकला. त्याला २५ लाख डॉलर, फारहाला १३ लाख. पुढच्या वर्षी स्पर्धेत २,५७६ जण आले आणि २००६ साली ८,७७३.

हे का झालं? टेबलात बसवलेल्या छोट्या कॅमेऱ्यांमुळे टीव्हीवर सगळ्यांना झाकलेली पानं दिसत होती. हेन्री ओरेनस्टीन या खेळणी बनवणाऱ्या माणसाच्या नावावर या कल्पनेचं पेटंट होतं. त्याआधी टीव्हीवर पोकर बघणं म्हणजे दगडी चेहरे बघणं. आता घरबसल्या कळत होतं की कोण थाप मारतोय. समालोचकाने त्या डावाला शतकातला ब्लफ म्हणून टाकलं.

पण मला वाटतं, कॅमेऱ्याने आपल्याला एक खोटी सवयही लावली. सोफ्यावरून फारहा भित्रा दिसतो आणि मनीमेकर वाघ. फारहाला मात्र तो राजा आणि ती सत्ती दिसत नव्हती. त्याच्यासमोर होती फक्त वाढत गेलेल्या पैजांची एक गोष्ट. आधी एक लाख, मग आठ लाख, मग सगळं. ती गोष्ट खऱ्या फ्लशलाही तितकीच शोभली असती. निर्णय चुकला, हे खरं. तो मूर्खपणाचा होता, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

आणि दुसऱ्या बाजूने बघा. तोच मनीमेकर, तीच हिंमत, पण फारहाने 'कॉल' म्हटलं असतं तर? आज आपण त्याला आततायी अकाउंटंट म्हणून विसरून गेलो असतो. ८३९ पैकी ज्याचं जमलं त्याचीच गोष्ट आपल्यापर्यंत येते. तेव्हा फोनवर पोकरची एखादी रील दिसली, तर एक करा. स्क्रीनवरची झाकलेली पानं अंगठ्याने लपवा, आणि मग ठरवा. भरणार की टाकणार?

तुमचं उत्तर कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!