आपोआप उघडणाऱ्या राखीव छत्रीची कुळकथा

विमानातून उडी मारलेला माणूस छत्री न उघडता पालथा पडत असेल, तर तो दर सेकंदाला साधारण 54 मीटर खाली येतो. जमीन 225 मीटरांवर आली की हाती चार सेकंद उरतात आणि राखीव छत्री फुलायलाच त्यातले दोन-तीन लागतात. नेमके इथे पाठीवरच्या पिशवीतले, साबणाच्या वडीएवढे एक यंत्र हवेच्या दाबावरून उंची आणि वेग काढते. माणूस अजून सुसाट पडतो आहे असे दिसले, की बारुदाच्या छोट्या स्फोटाने ढकललेले पाते राखीव छत्रीचा बंद कापते. माणूस वाचतो आणि सगळे म्हणतात, यंत्राने वाचवले. ते खरेच आहे. पण या यंत्राचे कूळ शोधत गेले की दिसते, छत्री उघडायला ते फार लवकर शिकले होते. कधी उघडायची नाही, हे शिकायला मात्र त्याला अर्धे शतक लागले.

1648 साली पास्कालच्या मेहुण्याने पाऱ्याची नळी फ्रान्समधल्या प्वी द दोम डोंगरावर नेली आणि उंचीवर हवेचा दाब उतरतो हे दाखवले. एकोणिसाव्या शतकात पाऱ्याच्या जागी हवा काढून घेतलेली, दाबाप्रमाणे फुगणारी-चेपणारी धातूची डबी आली. 1930च्या दशकात सोव्हिएत संघात दोरोनिन बंधूंनी छत्री आपोआप उघडणारे यंत्र बनवले. त्या परंपरेतल्या यंत्रांत, पुढच्या काप-3 आणि पीपीके-यू यांत, ही डबी आणि चावीचे घड्याळ एकत्र असे. उडी मारताना पिन निघे, घड्याळ चालू होई आणि ठरलेली वेळ भरून ठरलेली उंची आली की स्प्रिंग सुटून छत्रीची तार ओढली जाई. वेगाशी त्याला कर्तव्य नव्हते. मुख्य छत्री व्यवस्थित उघडलेली असली तरी राखीव छत्रीवरचे यंत्र आपली वेळ पाळणारच, म्हणून शिकाऊ उमेदवाराला ते हवेतच हाताने बंद करावे लागे. विसरला, तर डोक्यावर दोन छत्र्या.

म्हणून मुरलेल्या उडीवाल्यांनी ही यंत्रे अनेक वर्षे नाकारली, त्याला निव्वळ मर्दुमकीची हौस म्हणणे अन्यायाचे होईल. चुकीच्या क्षणी फुटणारी राखीव छत्री जीवघेणी असते. हा आक्षेप मोडला तो 1991 साली जर्मनीतल्या हेल्मुट क्लोथ यांच्या ‘सायप्रेस’ने. त्याने दाबाच्या जोडीला वेगाची अट घातली: सुमारे 225 मीटरांवर असताना वेग सेकंदाला 35 मीटरांहून जास्त असेल, तरच कापायचे. उघडलेल्या छत्रीखाली माणूस साधारण पाच-सहा मीटर वेगाने उतरतो, तेव्हा यंत्र गप्प राहते. पुढे छोट्या, चपळ छत्र्या आल्या. त्यांना गिरक्या देत उतरणाऱ्यांचा वेग ही मर्यादाही ओलांडू लागला, तेव्हा त्यांच्यासाठी याहून जास्त वेगाची मर्यादा असलेले वेगळे यंत्र काढावे लागले.

दुसरा आक्षेप असा, की यंत्र आहे म्हटल्यावर माणूस निष्काळजी होतो. होत असेलही. पण त्यावर यंत्र काढून टाकणे हा उपाय नव्हे, कारण बेशुद्ध पडलेल्या किंवा उंचीचे भान सुटलेल्या माणसाला दुसरा तरणोपाय नसतो. उपाय आहे तो उंचीच्या शिस्तीत. अमेरिकेच्या उडी-संघटनेने 2013 साली अनुभवी परवानाधारकांसाठी छत्री उघडण्याची किमान उंची 2,000 फुटांवरून 2,500 फूट केली. मुख्य छत्रीला उशीर झाला, तर ती उघडता उघडता यंत्रही राखीव छत्री सोडू शकते, हे त्यामागचे एक कारण.

शिवाय यंत्राला जमीन दिसत नाही. ते जिथे सुरू केले, ती जागा त्याच्यासाठी शून्य. पुण्याच्या शीतल महाजन 2004 साली उत्तर ध्रुवावरच्या समुद्री बर्फावर उतरल्या आणि 2023 साली एव्हरेस्टसमोर, सुमारे साडेसतरा हजार फुटांवरच्या कालापत्थरला. हे दोन शून्य किती लांबचे! एवढे दूरही जायला नको. डहाणूच्या किनाऱ्यावर यंत्र सुरू करून कुणी जव्हारच्या पठारावर उडी मारली असे धरू. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे 450 मीटर उंच. किनाऱ्याच्या हिशेबाने चालणारे यंत्र 225 मीटरांची वाट पाहील आणि ते 225 मीटर जव्हारच्या कातळाच्या पोटात, जमिनीखाली आहेत. यंत्र बिघडलेले नसेल, त्याला फरक भरून दिलेला नसेल इतकेच.

म्हणूनच राखीव छत्री आपोआप उघडली, त्या प्रसंगाची चौकशी यंत्राचे आभार मानून संपवू नये. मुख्य छत्रीचा हात कुठे थांबला, राखीव छत्रीचा का थांबला, उंची शेवटची कधी पाहिली, हे तिघांना विचारले पाहिजे: उडी मारणाऱ्याला, शिकवणाऱ्याला आणि छत्री बांधणाऱ्याला. आणि हौसेने पहिली उडी मारायला निघालेल्यांनी विमानात चढण्याआधी एवढे जरूर विचारावे: यंत्र आज सुरू केले आहे का, आणि ते कुठल्या जमिनीच्या हिशेबाने?